खरा बॉटल पाम ओळखा आणि परसबागेत वाढवा

नवे घर बांधून झाले की अंगणात शोभेची दोन झाडे असावीत असे प्रत्येकाला वाटते. त्यात पहिली मागणी असते ती बॉटल पामची. रोपवाटिकेत हे नाव सांगितले की रोप लगेच मिळते. दोन-तीन वर्षांत त्याचे खोड बुंध्याशी फुगते आणि बाटलीसारखे दिसू लागते. घरधनी समाधानी होतो. पुढे मात्र ते झाड वाढतच राहते. दहा-बारा वर्षांत ते कौलांच्या वर जाते, त्यानंतर विजेच्या तारांच्याही वर जाते आणि पुरुषभर उंचीपेक्षा मोठी, ओली असताना काही किलो वजनाची झावळी केव्हा खाली येईल याचा नेम राहत नाही. असे झाड बॉटल पाम नसते, तो रॉयल पाम असतो. आपल्याकडे बॉटल पाम या नावाने विकली जाणारी बहुतेक रोपे रॉयल पामचीच असतात.

ही चूक प्रस्तुत लेखकानेही केलेली आहे. फाटकाच्या दोन्ही अंगांना, भिंतीपासून जेमतेम सहा-सात फुटांवर दोन रोपे लावली होती. पुढे त्यांपैकी एक झाड वरून तुकड्या-तुकड्याने, दोरखंड बांधून उतरवावे लागले. त्याची मजुरी रोपाच्या किमतीच्या कितीतरी पट झाली. दुसरे झाड अजून उभे आहे आणि पावसाळ्यात त्याच्याखाली कोणी वाहन लावत नाही. म्हणून या लेखात लागवडीच्या आधी ओळख सांगितली आहे.

खरा बॉटल पाम कोठला ?

खऱ्या बॉटल पामचे शास्त्रीय नाव हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस. लॅजेनिकॉलिस म्हणजे सुरईसारख्या खोडाचा. त्याचे मूळ घर मॉरिशसच्या उत्तरेस सुमारे २२ किलोमीटरवर असलेले राउंड आयलंड हे बेट. बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे, ज्वालामुखीच्या खडकाचे, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभे असलेले. (मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही राहतात, तेव्हा हा मुलुख आपल्याला अगदीच परका नाही.)

या छोट्या बेटावर एकोणिसाव्या शतकात शेळ्या आणि ससे सोडले गेले. मोकाट जनावरे एखाद्या टेकडीचे काय करतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जुनी झाडे उभी राहिली, पण जमिनीतून वर येणारे प्रत्येक रोप खाल्ले गेले. झाडोरा गेल्यावर पावसाने मातीही समुद्रात वाहून नेली. शेवटी या पामची पूर्ण वाढलेली इतकी थोडी झाडे रानात उरली की ती बोटांवर मोजता यावीत. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे बेटावरून पूर्णपणे काढल्यावर रोपे पुन्हा तग धरू लागली. याच प्रजातीचा एक भाऊबंद, हायोफोर्बे अमॅरिकॉलिस, तर मॉरिशसमधील क्युरपिप येथील उद्यानातल्या एकाच झाडापर्यंत येऊन ठेपला.

बॉटल पाम मात्र बियांच्या रूपाने जगभरच्या बागांत पोचला आणि त्यामुळे वाचला. रानात अतिशय दुर्मीळ, बागेत मिळणारा, अशी त्याची अवस्था आहे. आपल्या अंगणातील रोप बागेतल्या झाडाच्या बियांपासूनच तयार झालेले असते, त्यामुळे ते लावण्यात रानाचे काही नुकसान नाही.

ओळख कशी पटवावी ?

फुगलेले खोड ही खूण पुरेशी नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. रॉयल पामचे खोडही लहानपणी बुंध्याशी फुगलेले असते आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो. पुढे रॉयल पाम उंच झाला की फुगवटा खोडाच्या मध्याकडे दिसतो आणि खोड सिमेंटच्या खांबासारखे सरळ वर जाते. बॉटल पामचा फुगवटा शेवटपर्यंत खालच्या भागातच राहतो आणि वर खोड एकाएकी निमुळते होऊन बाटलीची मान तयार होते. पूर्ण वाढलेले झाड बहुधा तीन ते चार मीटर उंच असते, फार तर सहा मीटर. रॉयल पाम पंधरा ते वीस मीटर सहज गाठतो.

दुसरी खूण झावळ्यांची संख्या. बॉटल पामच्या डोक्यावर एका वेळी चार ते सहा झावळ्या असतात, क्वचित आठ. नवख्याला झाड आजारी वाटावे इतका हा शेंडा विरळ दिसतो, पण त्याची ठेवणच तशी आहे. रॉयल पामचा डोलारा पंधरा-एक झावळ्यांचा असतो.

तिसरी खूण अधिक भरवशाची. झावळीच्या मधल्या दांड्यावर पात्या कशा लागल्या आहेत ते पाहावे. बॉटल पाममध्ये दोन्ही बाजूंच्या पात्या एका ओळीत असतात आणि वर उचललेल्या असतात. त्यामुळे झावळीला पन्हळीसारखा आकार येतो आणि ती कमानीसारखी वाकून थोडी पीळ खाते. रॉयल पाममध्ये पात्या वेगवेगळ्या दिशांना फाकतात, म्हणून झावळी चवरीसारखी झुबकेदार दिसते.

पोफळीच्या शेंड्याखाली देठांचे तळ एकमेकांना गुंडाळून हिरवा गुळगुळीत नळा तयार होतो, तो आपल्या परिचयाचा आहे. असा नळा या दोन्ही पामांत असतो. रॉयल पामचा नळा चकचकीत हिरवा आणि बराच लांब, मोठ्या झाडात दीड-दोन मीटरपर्यंत असतो. बॉटल पामचा नळा आखूड असतो व त्यावर मेणासारखी पांढुरकी लव असते. झाड फुलावर आले असेल तर नळ्याच्या खाली पाहावे. बॉटल पामच्या न उमललेल्या पोयी शिंगांसारख्या वर वळलेल्या असतात आणि एकाच वेळी अनेक पोयी खोडाभोवती दिसतात. रॉयल पामची पोय मुसळासारखी जाड असते.

आणखी एका पामशी गल्लत होते. तो म्हणजे स्पिंडल पाम, हायोफोर्बे व्हर्शाफेल्टाय. हा मॉरिशसच्या पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेटाचा. याचे खोड चातीसारखे, म्हणजे बुंध्याशी बारीक, मध्यावर किंवा त्याहून वर फुगीर आणि पुन्हा निमुळते असते. उंची सहा ते आठ मीटर. हाही सुंदर आहे व अंगणात चालतो, त्यामुळे बॉटल पाम म्हणून स्पिंडल पाम मिळाला तर फार वाईट वाटून घेऊ नये. काही ठिकाणी नोलिना या कुंडीतल्या झाडालाही बॉटल पाम म्हणतात. त्याचा बुंधा कांद्यासारखा फुगतो, पाने गवतासारखी लांब लोंबतात. तो मुळात पामच नाही.

रोप घेताना

मोठ्या झाडाच्या खुणा लहान रोपात दिसत नाहीत आणि खरेदी तर लहान रोपाचीच होते. पिशवीतल्या रोपाचे देठ आणि पात्यांच्या कडा पाहाव्यात. बॉटल पामच्या कोवळ्या रोपात तेथे तांबूस-नारिंगी छटा असते. स्पिंडल पामच्या रोपात देठावरून पिवळसर रेघ गेलेली दिसते. रॉयल पामचे रोप साधे हिरवे असते.

रोप अगदी नुकते उगवलेले असेल तर काम सोपे होते. बॉटल पामचे पहिले पान टोकाला दुभंगलेले, माशाच्या शेपटीसारखे असते. रॉयल पामचे पहिले पान सलग, अरुंद, गवताच्या पात्यासारखे निघते. रोपवाटिकेच्या मालकाकडे बी शिल्लक असेल तर तेही मागून पाहावे. रॉयल पामचे फळ एक सेंटिमीटरच्या आसपास, वाटाण्याएवढे असते. बॉटल पामचे फळ अडीच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बोराएवढे असते. फळ पाहिल्यावर वादाला जागा राहत नाही.

शक्य असल्यास ज्या झाडाचे बी आणले ते मातृवृक्ष प्रत्यक्ष पाहून रोप घ्यावे. वाढीचा वेगही सांगून जातो. शेजारच्या पिशव्यांतील सर्व रोपे दोन वर्षांत कमरेएवढी झाली असतील आणि किंमतही स्वस्त असेल, तर तो रॉयल पाम समजण्यास हरकत नाही. खरा बॉटल पाम सावकाश वाढतो. रोपवाटिकावाल्याला तो अधिक वर्षे सांभाळावा लागतो, म्हणून तो महाग पडणारच.

जागा आणि लागवड

जागा भरपूर उन्हाची निवडावी. झावळ्या तीन मीटरपर्यंत लांब होतात, तेव्हा भिंतीपासून अडीच ते तीन मीटर अंतर सोडावे. दोन झाडांत साडेतीन ते चार मीटर अंतर ठेवावे. झाड बुटके राहत असल्याने तारांची अडचण येत नाही. मूळचे समुद्रकाठचे असल्यामुळे ते खारे वारे बऱ्यापैकी सोसते. कोकणात किनाऱ्यालगतच्या घरांना हा मोठा फायदा आहे.

जमीन कोणतीही चालते, मात्र पाण्याचा निचरा हवाच. जांभ्या व रेताड जमिनीत झाड चांगले वाढते. काळ्या भारी जमिनीत खड्ड्यात लावू नये. दीड-दोन फूट उंचीचा वरंबा किंवा ओटा करून त्यावर लावावे, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी. पाऊण मीटर लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यात घेऊन तापू द्यावा. भरताना चांगली माती, पूर्ण कुजलेले दोन घमेली शेणखत व अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. काळी माती असल्यास तिसरा हिस्सा वाळू किंवा बारीक मुरूम घालावा. पिशवी कापून काढावी आणि मुळांचा गोळा फुटू देऊ नये. रोप पिशवीत जेवढ्या खोलीवर होते तेवढ्याच खोलीवर लावावे. फुगलेला बुंधा मातीत दडपू नये. अनेकजण रोप वाऱ्याने पडू नये म्हणून बुंध्याला मातीची भर देतात. त्याने बुंधा कुजतो. आधार हवा असेल तर बाजूला काठी रोवावी.

पहिली दोन वर्षे विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून शेडनेट किंवा तुऱ्हाट्यांचा आडोसा करावा. दव गोठण्याइतकी थंडी या झाडाला मुळीच सोसत नाही. निफाडसारख्या भागात पारा फार खाली गेला तर लहान रोप रात्री पोत्याने झाकावे व संध्याकाळी पाणी द्यावे.

पाणी उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी आणि हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी द्यावे. फुगीर खोड म्हणजे पाण्याची टाकी, तेव्हा याला पाणी नको, असा समज आहे. झाड मोठे झाल्यावर ते ताण सोसते हे खरे, पण ताणात वाढलेली झावळी आखूड निघते. चार-सहा झावळ्यांच्या झाडात एक आखूड निघाली तरी डोळ्यांत भरते. कुंडीत लावायचे असल्यास सिमेंटची दीड-दोन फूट व्यासाची कुंडी घ्यावी. तेथे ते बरीच वर्षे राहते.

पिवळी झावळी तोडू नका

या झाडाबाबत सर्वांत जास्त नुकसान होते ते येथे. बॉटल पामला पालाशची भूक मोठी असते. जमिनीत पालाश कमी पडला की झाड जुन्या झावळ्यांतला पालाश काढून नव्या पानाला देते. मग खालच्या झावळीवर पिवळे-नारिंगी, उजेडात धरले असता पारदर्शक दिसणारे ठिपके येतात आणि पात्यांची टोके करपतात. घरमालकाला ती झावळी वाईट दिसते. दिवाळीच्या आधी किंवा घरातल्या लग्नाच्या आधी माळी बोलावून तो ती छाटून टाकतो. वास्तविक ती झावळी म्हणजे झाडाची पालाशची कोठी असते. ती गेली की झाड तिच्या वरच्या झावळीतून पालाश ओढू लागते, तीही पिवळी पडते, तीही छाटली जाते. असे करता करता डोक्यावर दोन झावळ्या उरतात, खोडाची मान बारीक होत जाते आणि झाड मरते. कीड लागली असे समजून वर औषधे फवारली जातात ती वेगळीच.

माडाला पंचवीस-तीस झावळ्या असतात, त्यात दोन गेल्या तर चालून जाते. येथे सहापैकी दोन म्हणजे तिसरा हिस्सा गेला. झावळी पूर्ण तपकिरी होऊन वाळली की पोफळीच्या विरीप्रमाणे आपोआप गळते. तोपर्यंत तिला हात लावू नये.

उपाय खताचा आहे, पण धीर धरावा लागतो. ठिपके पडलेली झावळी पुन्हा हिरवी होत नाही. खत दिल्यानंतर येणाऱ्या नव्या झावळ्या निरोगी निघतात आणि पूर्ण शेंडा सुधारण्यास दोन-तीन वर्षे लागू शकतात. पाच वर्षांवरील झाडाला वर्षभरात एक-दोन घमेली शेणखत, २०० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २५० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश या प्रमाणात खत द्यावे. लहान झाडाला वयानुसार याच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करावी. ही मात्रा एकदम न देता जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च अशी चार वेळा विभागून द्यावी, कारण जोराच्या पावसात पालाश व नत्र दोन्ही वाहून जातात. खत बुंध्याला टेकवू नये. दीड-दोन फुटांवर गोल आळ्यात मिसळून पाणी द्यावे. नुसता युरिया देणे टाळावे. त्याने झाड हिरवेगार दिसते खरे, पण पालाशची टंचाई अधिक वाढते.

जुन्या झावळ्यांच्या पात्यांना कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मध्ये हिरवा भाग दिसला तर तो मॅग्नेशियमचा अभाव समजावा. पोटॅशबरोबर वर्षातून दोनदा शंभर-शंभर ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. याउलट जुनी पाने ठीक आणि शेंड्यातून येणारे नवे पान मात्र लहान, चुरगळलेले, करपलेले निघत असेल तर मँगनीज कमी पडले असे ओळखावे. चुनखडीच्या जमिनीत हे विशेष आढळते. मँगनीज सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून शेंड्यावर फवारावे. नव्या पानाची तक्रार आणि जुन्या पानाची तक्रार यांत गल्लत करू नये, कारण त्यांची औषधे वेगळी आहेत.

खोडाबद्दल एक गोष्ट. आंबा-फणसाच्या सालीला जखम झाली तर ती भरून येते. पामच्या खोडाची जखम भरत नाही. सणासाठी विजेच्या माळा अडकवायला ठोकलेला खिळा, तारेचा फास किंवा विळ्याचा घाव झाड असेपर्यंत तसाच राहतो आणि ओल्या घावाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो.

किडी

माडाच्या बागेजवळ घर असेल तर गेंड्या भुंग्याकडे लक्ष ठेवावे. तो शेंड्याची सुरळी पोखरतो. मग उघडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. माडात झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड भरता येते, तशी येथे भरता येत नाही, कारण देठांचे तळ घट्ट नळ्यात बंद असतात. छिद्र दिसल्यास तारेच्या आकड्याने भुंगा बाहेर काढून छिद्रात वाळू व निंबोळी पेंड भरावी. खरा बंदोबस्त शेणखताच्या खड्ड्यात करावा लागतो, कारण भुंग्याच्या अळ्या तेथेच वाढतात. खड्डा उपसताना जाड पांढऱ्या अळ्या वेचून माराव्यात आणि खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळावी. घराजवळ कुजणारे माडाचे ओंडके ठेवू नयेत.

२०१६ मध्ये तमिळनाडूत नारळावर प्रथम आढळलेली चक्राकार पांढरी माशी आता शोभेच्या पामांवरही येते. पानाखाली पांढरी मेणचट वर्तुळे आणि पानावर काळी बुरशी दिसते. पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पुढे ५ मि.लि. कडुनिंबाचे तेल व थोडी साबणाची पूड प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारावे. तीव्र कीटकनाशके टाळावीत, कारण या माशीला मारणारे एनकार्सिया हे बारीक परोपजीवी कीटकही त्यात मरतात.

बियांपासून रोपे

या पामला फुटवे येत नाहीत, म्हणून रोपे बियांपासूनच करावी लागतात. एकाच पोयीवर नर व मादी दोन्ही प्रकारची फुले येतात, त्यामुळे एकट्या झाडालाही फळे धरू शकतात. फळे पूर्ण पिकून गळू लागली की गोळा करावीत. अनेक पामांच्या फळांच्या गराने हाताला खाज सुटते, तेव्हा रबरी हातमोजे घालून गर काढावा. बी धुऊन एक-दोन दिवस पाण्यात भिजत ठेवावे आणि लगेच पेरावे. वाळवून साठवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते.

नारळाच्या काथ्याचा भुसा व वाळू समप्रमाणात घेऊन ट्रे किंवा उथळ वाफ्यात बी त्याच्या जाडीइतकेच खोल पेरावे. ओल कायम हवी, पण चिखल नको. तापमान तीस अंशांच्या आसपास असले की उगवण चांगली होते, म्हणून थंडीत पेरणी टाळावी. काही बी दोन-तीन महिन्यांत उगवते, काही सहा महिने घेते. ट्रे रिकामा दिसतो म्हणून उकरून पाहू नये किंवा उलथून टाकू नये. दुभंगलेले पहिले पान पूर्ण उघडले की रोप उंच पिशवीत घ्यावे व वर्षभर अर्धवट सावलीत ठेवावे.

रोपे विकण्याचा विचार असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. बॉटल पाम व स्पिंडल पाम जवळ-जवळ असतील तर त्यांचा संकर होतो आणि रोपे धड इकडची ना तिकडची निघतात. अशा बागेतले बी विक्रीच्या रोपांसाठी घेऊ नये. प्रत्येक ट्रेवर मातृवृक्षाचे नाव व पेरणीची तारीख पक्क्या शाईने लिहावी. पिशवीवर रॉयल असेल तर रॉयल लिहावे. रुंद रस्त्याच्या कडेला किंवा मोठ्या शेताच्या बांधावर लावायला रॉयल पामलाही गिऱ्हाईक मिळते.